उलट्या मुनियेचं पीस

लालबाग, ९ फेब्रुवारी

रुचाताई,

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस, आणि फोन लावला की तो कधीच लागत नाही. रत्नागिरीच्या बँकेत एवढं काम असतं होय? म्हणून हे पत्र. पोस्टातल्या खिडकीवरच्या बाईंना मी आधीच विचारून घेतलं, पत्र ब्लॉक करता येतं का. त्या बोलल्या, "परत पाठवता येतं, पण बहुतेक लोक आधी उघडून बघतात."

तर आता उघडलंच आहेस तर वाच.

पहिलं म्हणजे सॉरी. तू काय बोललीस ते मला पाठ आहे. "बावीस वर्षांची झालीस, आयुष्यात एक वस्तू नीट सांभाळून दाखव. नाहीतर माझ्या लग्नाला आली नाहीस तरी चालेल." दारात चपला घालता घालता बोललीस ना, म्हणून जास्त लागलं. बसून बोलली असतीस तर नेहमीचं भांडण वाटलं असतं.

वस्तू साधी नव्हती, मान्य. तू येवल्याला जाऊन, हातमागासमोर उभं राहून घेतलेली अंजिरी पैठणी, आणि तिच्याबरोबरचं ते मोरपंखी ब्लाउजपीस. पिसाच्या काठावर मुनियांची रांग. सगळ्या चिमुकल्या पोपटिणी उजवीकडे बघतायत आणि मधेच एक डावीकडे. विणकर बोलला, ताई चूक झालीये, दुसरं देतो. तू बोललीस, नको, हेच. घरी आणून आम्हाला दाखवलंस आणि म्हणालीस, "ही बघा आपली मनवा. सगळे इकडे तर ही तिकडे." मला तेव्हा इतकं भारी वाटलं होतं की काय सांगू. माझ्यावर आजवर कुणी एवढं लक्ष देऊन टोमणा मारला नव्हता.

साडी फॉल लावायला गेली, पीस कापून कपाटात राहिलं. मग अठरा जानेवारीचं आपलं हळदीकुंकू. आईने ओटीची पीसं काढली, त्यात तुझं कसं गेलं ते मला काय माहीत. तिनेच कपाटातून गठ्ठा काढताना सोबत उचललं असेल, चष्मा नव्हता तिच्या डोळ्यावर. मी आपली आईच्या हातात द्यायला ओट्या लावत बसले. पीस, वर नारळ, वर तांदूळ, पुढची. वाण घेऊन बाकीच्या गेल्या, पण ओटी आपण जवळच्या अकराच जणींची भरली. म्हणजे अकरा घरं. अकरा घरं म्हणजे काय, माझ्यासाठी एका दुपारचं काम.

तुझं लग्न ४ मेला. त्याच्या आत तुझं पीस आणून लहूमामा टेलरच्या टेबलावर ठेवते. नाही ठेवलं तर खरंच येत नाही लग्नाला. घे, मीच बोलले.

तुझी,
मनवा

(दादरची नोकरी सुटली. काउंटरवरच्या नथी मी गिऱ्हाइकापेक्षा जास्त वेळ घालून बघते असं शेठचं म्हणणं. खोटं नाही ते. पण त्यामुळे आता वेळच वेळ आहे.)


परळ, १७ फेब्रुवारी

अहो व्यस्त व्यक्ती,

सापडलं! म्हणजे पीस नाही, पण पिसाचा माग सापडला.

नऊ घरं फुकट गेली. फुकट म्हणजे अगदीच नाही, चहा, पोहे, एकीकडे घावणे झाले. दहावं घर परळच्या शेवंतीकाकूचं. बाबांच्या मित्राची बायको, आठवते ना, जी साखरपुड्यात तुझ्या साडीचा पदर हातात घेऊन उलटा करून बघत होती. मी विचारलं, "काकू, आमच्याकडचं ओटीचं पीस आहे का हो?" तिने पलंगाखालून सुटकेस ओढली. ताई, त्या सुटकेसमध्ये किमान साठ पीसं! लाल, पिवळी, चिंतामणी, टू-बाय-टू, रुबिया, काठाची, बिनकाठाची. मी तर खालीच बसले.

"एवढी शिवणार कधी?"

"शिवायची कोणाला आहेत? हा फिरता माल. आली ओटीत, गेली ओटीत. हे बघ," तिने एक राणी कलरचं काढलं, "हे माझ्या धाकट्या नणंदेला मी दिलं होतं, सहा वर्षांनी माझ्याचकडे परत आलं. सुखरूप."

"मग आमचं मोरपंखी?"

"अगो बाय, ते!" काकूने कपाळाला हात लावला. "तुमच्याकडची घडी उघडली तर एकात एक दोन पीसं. आतलं ते पैठणीचं. मी ह्यांना बोलले, वहिनींनी एवढं भारी दिलंन, आता मला पण त्यांना तेवढंच भारी द्यायला लागणार. घरात ठेवलं असतं तर रोज टोचलं असतं. म्हणून चार दिवसांत गिरगावला विहीणबाईंच्या ओटीत घातलं. लेकीच्या सासरी जरा वजन पडलं पाहिजे ना."

एकात एक दोन पीसं कशी, ते सोड. होतं असं गडबडीत.

मुद्दा हा की माग गिरगावचा आहे. निघताना काकूने माझी ओटी नाही भरली, कुमारिका ना मी, पण हातात एक पीस कोंबलंच. पोपटी. त्याच्यावर कुणीतरी पेनने "शु. मं." लिहिलंय. किती घरं हिंडलंय कोण जाणे. मी त्याचा स्कार्फ केला आणि तोच बांधून परळवरून हिंदमातापर्यंत चालत आले. काय झकास वारा होता. हिंदमाताच्या दुकानांत आत जायचं नाही असं ठरवून गेले होते. तीन दुकानांत गेले. एका दुकानात काकाने माझ्यासाठी एकवीस साड्या उघडल्या आणि मी सांगितलं की मी घेणार नाहीये, फक्त बघायचंय, तर तो बोलला, "बघा ना बेटा, साडी पण कंटाळते घडीत." असा माणूस! त्याला मी तुझी अंजिरी सांगितली. रंग ऐकून त्याने डोळे मिटले.

आई विचारते, पीस मिळालं का. तिला मी सांगितलं, जवळजवळ. बाबा बोलले, "लुगड्याच्या तुकड्यापायी दोघी भयणी बोलनत नाय, ह्या काय ता!" तू बाबांचा फोन तरी घे.

मनवा


गिरगाव, २ मार्च

ताई गं,

गिरगावला पोचायला मला दोन आठवडे लागले ह्याचं कारण भुलेश्वर. चर्नी रोडला उतरून सरळ विहीणबाईंकडे जायचं तर मधे भुलेश्वर लागत नाही, हे मला माहीत आहे. पण पाय वळले. पहिल्या वेळी लेसच्या गल्लीत संध्याकाळ झाली. दुसऱ्या वेळी मंगलदास मार्केट. तिथे थानांच्या भिंती आहेत, ताई, खरोखरच्या भिंती, आणि माणसं त्या भिंतींमध्ये मांडी घालून बसलेली. एका थानाला हात लावला की दुकानदार चार हात सोडतो आणि ते कापड पाण्यासारखं खाली येतं. कॉलेजात मला अकाउंट्सचं एक पान लक्षात राहिलं नाही, पण त्या दिवशी बघितलेल्या अजरखमधले सगळे निळे मी आत्ता ओळीने सांगू शकते.

असो. विहीणबाई.

एकदम टापटीप बाई. दारात रांगोळी, सोफ्याला क्रोशाचं कव्हर, बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री. मी सगळं खरं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि हळूहळू त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"म्हणजे शेवंतीबाईंनी ते आमच्यासाठी घेतलं नव्हतं तर."

मेले, म्हटलं. आता काकूच्या लेकीचं काय होणार.

पण त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांचे मिस्टर आतून पेपर घेऊन बघायला आले. "अगं, मला आठवडाभर झोप नव्हती. म्हटलं, विहीणबाईंनी पैठणीचं पीस दिलं, आता परतफेडीला काय पैठणी देऊ? मग रथसप्तमीच्या आधी दादरला आमच्या भाचेसुनेकडे गेले आणि दिलं तिच्या ओटीत सोडून. नवी नवरी, तिला शोभेल. आणि तिला परतफेड कळत नाही अजून."

कळलं का ताई? तुझं पीस कुठेच आठवड्याच्या वर टिकलं नाही, कारण ते फार चांगलं होतं! साधं असतं तर अजून शेवंतीकाकूच्या सुटकेसमध्ये झोपलं असतं. ह्याच्यावर मी चर्नी रोडपर्यंत हसत गेले. एक बाई माझ्यापासून लांब सरकली.

उद्या दादर. भाचेसुनेचं नाव आकांक्षा, शाळेत शिकवते. माझं मन सांगतं, तिच्याकडेच आहे.

तोपर्यंत सोबत सहा नमुने पाठवते, कागदाला टाचले आहेत. फक्त बघण्यासाठी हां, तुझ्या पिसाच्या बदली नाहीत. १) मंगलदासचं चंदेरी, श्रीखंडी. २) इरकलचा काठ. ३) डाळिंबी खण, हा उजेडात तिरका धरून बघ, त्यातली बुट्टी हलते. ४) कॉटन सिल्क, कोथिंबिरी. ५) अजरख, सहज, मला आवडलं म्हणून. ६) मखमल. मखमल मे महिन्यात नाही घालणार तू, पण गालाला लावून बघ ना.

तुझीच मुनिया


लालबाग, १६ मार्च

ताई!!!

पाकीट आलं! वर तुझं अक्षर! आईने दारातून हाक मारली तेव्हा मी केस धूत होते, तशीच धावत आले. उघडलं तर आत एक ओळ नाही, फक्त माझेच नमुने परत. आईचा चेहरा पडला. मी मात्र नाचले. आई बोलली, "नाचतंस कित्याक? परत धाडल्यान ना तिना." अगं पण म्हणजे तिने उघडलं ना! आणि मी मोजले. सहा पाठवले होते, पाच आले. कुठला ठेवलास ते मी लिहीत नाही, लिहिलं तर तू तोही परत पाठवशील.

दादरचं सांगायचं तर आकांक्षाकडे जाऊन आले. चांगली आहे मुलगी. तिला नीट आठवत नाही कुणाला दिलं. नवीन लग्न, सतरा बायका, गडबड. अजून शोधतेच आहे. येताना कोलंबी आणली. घरात कोलंबी कुणी सांगितली नव्हती, आई चाट पडली.

पण मी काय म्हणते, ताई, हल्ली मॅचिंग कोण घालतं? खरंच सांग. अंजिरी साडीवर मोरपंखीच ब्लाउज हे म्हणजे वहीला खाकी कव्हर. रानडे रोडवर उभं राहून मी तासभर बायका मोजल्या (तासभर नाही, वीस मिनिटं, मग एक कानातलेवाला आला), काठापदराच्या साडीवर कॉन्ट्रास्ट घातलेल्या जास्त होत्या. खणाचा ब्लाउज, कोपरापर्यंत बाही, पाठीला छोटी गाठ. तुझे खांदे कसले सुंदर आहेत, बँकेत बसून फुकट चाललेत.

मोरपंखी रंग तसा कोणावरही चांगला दिसतो. म्हणजे कोणावरही. सावळ्या दंडावर तर विचारू नको. पण ते जाऊ दे.

लहूमामा विचारत होते, पीस कधी देताय. मी सांगितलं, येतंय.

मनवा


लालबाग, ६ एप्रिल

ताई,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. एकदा त्याच्यात लालबागच्या मसाल्याच्या गिरणीवर दीड पान गेलं, शिंका येतायत आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या, त्यातल्या एकीची काय साडी होती... बघ, परत चालले. आता सरळ सांगते.

दोन गोष्टी खोट्या बोलले.

एक. आईने पीस उचललं नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवशी मी ते कपाटातून काढलं. खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहिले. नुसती बघत होते गं. तुझं सगळं कसं नीट, नोकरी, लग्न, पैठणी. म्हटलं, एकदा आपल्यावर कसं दिसतं बघू. तेवढ्यात बेल वाजली आणि पहिल्या बायका आत आल्या. आईने बघू नये म्हणून मी ते समोरच्या एका पिसाच्या घडीत सारलं. बायका गेल्या की ठेवू जागेवर, म्हणून. आणि मग कुणाची तरी मोत्याची नथ बघितली आणि विसरले. म्हणून "एकात एक दोन". आईला मी काल सांगितलं. ती बोलली, "माका पैल्या दिसापासून ठावक. तू आरशासमोर होतंस ता माका सैपाकघरातना दिसला." दोन महिने तिने माझा आळ अंगावर घेतला आणि मी घावणे खात हिंडले.

दोन. आकांक्षाला सगळं आठवत होतं.

तिचं पहिलं हळदीकुंकू होतं, रथसप्तमीला. सगळ्या बायका बसल्यात आणि दारात गुणवंतीमावशी आली, टोपली घेऊन. वरळी कोळीवाड्याची, त्यांच्या घरी वर्षानुवर्षं मासे देते. पैसे घ्यायला आली होती. आकांक्षाला वाटलं, दारात आलेल्या बाईला असंच कसं पाठवायचं. तिने आत बोलावलं, कुंकू लावलं आणि हाताला आलं त्या पिसाने ओटी भरली. सासू मागून खुणा करत होती, हिला वाटलं नारळ विसरला म्हणून खुणावतायत, तर हिने नारळ पण घातला. मावशी गेल्यावर सासू बोलली, "अगं, तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली." आकांक्षा मला म्हणाली, "मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर काय केलं असतं, हा विचार मी अजून करतेय."

मावशी त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी बसते. मी गेले. बुधवार होता, गर्दी. कासोटा मारलेलं पिवळ्या फुलांचं लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि ताई, अंगात तुझं पीस. शिवलेलं. कोपरापर्यंत बाही, बाहीला मुनियांची रांग, आणि डाव्या दंडावर ती उलटी, आपली. जरीला माशाचे खवले चिकटलेले. उन्हात जर कुठली आणि खवला कुठला काही कळत नव्हतं.

मी बघतच राहिले.

"बघतंस काय गो? पापलेट बघ. ब्लाउज इकायला नाय ठेवला."

"मावशी, भारी आहे ब्लाउज."

"हाय मंग! ओटीतला हाय."

"ओटीतलं पीस शिवलंत? कुणी शिवत नाही."

"मंग काय करतात त्याचा?"

"पुढे देतात. दुसरीच्या ओटीत."

तिचा कोयता थांबला. रागाने नाही बोलली, अगदी हिशेबी बोलली, जसं गिऱ्हाइकाला सांगतात की आज सुरमई नाही. "मना कोन बोलावतंय ओटी भरायला? माजे हातची कोन घेनार? मना पुढं द्यायला घरच नाय. मंग काय पेटीत ठेवू? दुसरे दिशी टेलरकडं गेली. बुदवार, शुक्करवार, रईवार घालते. गिऱ्हाईक जास्त असतंय ना, सगल्यांना दिसायला पायजे." आणि मग हसली. "सून बोलते, आई, मासे इकताना पैठनी? मी बोलली, मासे तरी कुटं रोज मरतात! एकदाच मरतात, तर बघू दे की पैठनी!"

एवढ्या घरांत फिरलं ते पीस. फक्त तिने शिवलं, ताई.

मागायला गेले होते पीस, घरी आले कोलंबी घेऊन.

ते मी मागू शकले नाही. मागणार पण नाही. शिवलेल्याचं पीस होत नाही हे एक, आणि दुसरं तुला कळेल, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. म्हणजे वस्तू मी सांभाळली नाही ती नाहीच. ठरल्याप्रमाणे मी लग्नाला येत नाही. फक्त साडी नेसवायला कुणीतरी नीट बघ, अंजिरीच्या निऱ्या सुटतात, त्या बाईला सांग पदराला आतून पिन लावायची, बाहेरून नाही. जर फाटते.

मनवा


हिंदमाता, २० एप्रिल

ताई, ताई, ताई,

पोस्टकार्ड! तुझी इतकी बँक, आणि पोस्टकार्ड! पोस्टमनने वाचलं, लिफ्टमधल्या काकांनी वाचलं, मग मला मिळालं. पाठ झालंय. "डाळिंबी. गळा फार खोल नको. साडी तूच नेसव, मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. मावशींना विचार, लग्नाच्या दिवशी माझी ओटी भरतील का. तोच ब्लाउज घालून."

मी ते घेऊन तशीच दादरला गेले. बुधवार नव्हता, तर मावशी साध्या ब्लाउजमध्ये. मी आधी सगळी कहाणी सांगितली, पीस कुणाचं ते पण. तिने बांगडा खाली ठेवला, हात धुतले, पदराला पुसले. "तुज्या भयनीचा हाय? आनि तू मैनाभर कोलंबी नेतेस, बोलली नाय?" मग मी पोस्टकार्ड वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर बाजूच्या कोळणीला ओरडून बोलली, "ऐकलास काय गो? चार तारखेला मी बसनार नाय! लगीन हाय माज्याकडं!"

मग लगेच, "पन मी ओटीत पीस काय घालू? माज्याकडं फिरतं काय नाय."

म्हणून आज हिंदमाताला आलोय. हे पत्र त्याच साडीवाल्या काकाच्या गादीवर बसून लिहितेय, कारण मावशीचं ठरत नाहीये. ताई, मी आयुष्यात एवढी खरेदी बघितली, पण असं कापड बघताना कुणाला बघितलं नाही. पापलेटचा कल्ला उघडून बघतात तसं घडी उघडून आत बघते, दाबते, वास घेते. काकाने भाव सांगितला की उठून निघते, पायरीवरून परत येते. काका घामाघूम. शेवटी तो बोलला, "मौसी, आप मेरी दुकान पे बैठ जाओ, मैं मछली बेचता हूँ।"

कुठलं घेतलं ते सांगत नाही. डोळे तयार ठेव.

तुझा खण कापला. लहूमामांनी माझ्यासमोर कात्री लावली, मी डोळे मिटले होते.

मनवा


लालबाग, ९ मे

सौ. रुचाताई,

आता तू मला अनब्लॉक केलंस, रोज फोन करतेस, तरी हे पत्र. सवय लागली. शिवाय काही गोष्टी नवरीला दिसत नाहीत, ती खाली बघत असते. म्हणून सांगते.

ओटीची वेळ झाली आणि गुणवंतीमावशी पुढे आली. शेवंतीकाकू आईच्या कानाशी वाकली, "वहिनी, अहो ती बाई..." आई मोठ्याने बोलली, "होय, मासे विकता. माका ठावक आसा. तुका व्हये असले तर सांग, चांगले देता." काकू सरळ झाली. आणि मग तिची नजर मावशीच्या बाहीवर गेली. ताई, तो चेहरा! तिने गिरगावच्या विहीणबाईंकडे बघितलं, विहीणबाईंनी आकांक्षाकडे बघितलं (मी सगळ्यांना बोलावलं होतं, सांगायचं राहिलं), आणि तिघी एकमेकींकडे बघत हळूच आपापले पदर सारखे करायला लागल्या.

मावशीने तांदळाची ओंजळ काठोकाठ घेतली. तांदूळ सांडले. बारा वर्षांनी भरत होती. भावोजी खाली वाकून दाणे वेचायला लागले, नवरदेव, मुंडावळ्या लोंबतायत, तेव्हा मला सुशांतभावोजी पहिल्यांदा खरेखुरे आवडले.

तू तिच्या पाया पडलीस, मी पण पडणार होते पण हातात तुझ्या पदराची पिन होती. ती तुझ्या कानात काय बोलली ते मी मुद्दाम जवळ उभी राहून ऐकलं. "शिव हां पोरी. फिरवू नको."

फोटो सोबत आहे, फोनवर पाठवला असता पण हा हातात धरून बघ. तुझा डाळिंबी ब्लाउज कसला उठून दिसतोय! मी म्हटलं नव्हतं? आता मावशीची बाही बघ. ती तुझ्यासमोर वाकली आहे आणि बाहीवरच्या सगळ्या मुनिया पलीकडे, पाहुण्यांकडे तोंड करून बसल्यात. एकच तुझ्या साडीकडे बघतेय. भिंग घेऊन बघ हवं तर. मी बघितलं.

काल तुझा मेसेज आला, "पीस टाकलं शिवायला." तेवढंच. मी तो मावशीला वाचून दाखवला. तिने तोही तीनदा वाचायला लावला.

मावशीने निवडलेल्या त्या पिसाला लिंबू रंगावर भडक नारिंगी काठ आहे, बँकेत सगळे बघतील. बुधवारी घाल.

तुझी,
मनवा